सहयात्रेचा धर्म

यात्रेचा संकल्प आणि यात्रेचा आराखडा या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या मानल्या जातात. संकल्प म्हणजे देश, काळ आणि हेतू यांचा उच्चार करून एखादे कर्म करण्याचा निश्चय, आणि तो धर्माच्या प्रांतातला समजला जातो. किती दिवस जायचे, मुक्काम कोठे करायचा, कोणत्या दिवशी किती अंतर कापायचे, गाड्या किती आणि खर्चाची वाटणी कशी, हा आराखडा मात्र निव्वळ व्यवहाराचा भाग ठरतो आणि तो यात्रा कंपनीवर किंवा गटातील एखाद्या उत्साही माणसावर सोपवून बाकीचे मोकळे होतात. एकट्याने जायचे असेल तर ही विभागणी फारशी खटकत नाही, कारण चुकीच्या आराखड्याचा त्रास ज्याने तो आखला त्यालाच होतो. परंतु अनेकांनी मिळून उंच डोंगराळ मुलखात जायचे असते तेव्हा आराखड्यातील प्रत्येक रकाना कोणाच्या तरी शरीरावर आणि कोणाच्या तरी इच्छेवर परिणाम करतो. म्हणून अशा प्रवासापुरता आराखडा हाच यात्रेचा पहिला धर्माचार मानला पाहिजे, आणि समूहाने कोणाच्या चालीने चालावे हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी तीर्थयात्रेचा विचार विस्ताराने केला आहे. मूळच्या पैठणच्या घराण्यातील आणि काशीत नावारूपाला आलेल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थळीसेतु’ हा प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांविषयीचा ग्रंथ रचला, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या साऱ्या वाङ्मयाचा परामर्श घेतला. यात्रेला कोणी निघावे, निघण्यापूर्वी कोणते विधी करावेत, पायी जावे की वाहनाने, क्षेत्री पोहोचल्यावर काय करावे, यांची चर्चा त्या परंपरेत सापडते. ज्याचे हातपाय आणि मन संयमात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, हा विचारही तेथे वारंवार येतो. मात्र या चर्चेचा भर यात्रा करणाऱ्या व्यक्तीवर आहे. पुण्य व्यक्तीला लाभते, नियम व्यक्तीला लागू होतात आणि प्रायश्चित्तही व्यक्तीनेच घ्यायचे असते. सोबत्यांनी एकमेकांशी कसे वागावे हा प्रश्न शास्त्रग्रंथांपेक्षा महाभारताच्या कथेत अधिक तीव्रतेने उभा राहतो.

वनपर्वातील तीर्थयात्रेच्या प्रसंगी लोमश ऋषी युधिष्ठिराला पहिला सल्ला देतात तो लवाजमा हलका करण्याचा. सोबत माणसे आणि सामान जितके कमी तितके चालणे सोपे, हे त्यामागचे साधे कारण. युधिष्ठिर त्याप्रमाणे करतो, पण त्याची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. भूक, तहान, थंडी आणि वाटेचे श्रम ज्यांना सोसणार नाहीत त्यांना तो मागे फिरण्यास सांगतो आणि त्याच वेळी त्यांच्या निर्वाहाचीही सोय लावून देतो. धृतराष्ट्राकडे जावे, तेथे सोय झाली नाही तर पांचालराज द्रुपदाकडे जावे, असे तो त्यांना सांगतो. मागे राहणाऱ्याची व्यवस्था न करता त्याला मागे ठेवणे हे युधिष्ठिराच्या लेखी पुढे जाण्याचे साधन होऊ शकत नाही.

पुढे गंधमादन पर्वताची चढण सुरू होण्यापूर्वी हाच प्रश्न घरच्या माणसांत उद्भवतो. युधिष्ठिर सुचवतो की आपण, नकुल आणि लोमश एवढेच पुढे जाऊ, आणि भीमाने द्रौपदी, सहदेव व धौम्य यांच्यासह गंगाद्वारी थांबावे. भीम हे मान्य करत नाही. दूर गेलेल्या अर्जुनाला पाहण्याची ओढ द्रौपदीलाही तितकीच आहे, आणि जे चालू शकणार नाहीत त्यांना आपण उचलून नेऊ, असे तो म्हणतो. द्रौपदीही हसून सांगते की ती येणार आहे, तिची चिंता कोणी करू नये. ज्याला दुर्बळ समजले जाते त्याच्या वतीने निर्णय घेण्याआधी त्याची इच्छा विचारली जाते, हे या प्रसंगाचे महत्त्व आहे. त्यानंतर वादळ येते, दमलेली द्रौपदी मूर्च्छित होऊन पडते, नकुल तिला सावरतो, युधिष्ठिर तिला मांडीवर घेतो, आणि भीमाच्या स्मरणाने आलेला त्याचा राक्षसपुत्र घटोत्कच तिला खांद्यावर वाहून नेतो. तिने स्वतःच्या इच्छेने येण्याचे ठरवले होते, म्हणून आता तिचे तिने पाहावे, असे कोणी म्हणत नाही. संमती दिल्याने संमती देणाऱ्याची जबाबदारी वाढते, पण सोबत्यांची कमी होत नाही, हे तत्त्व येथे कथेच्या ओघातच सिद्ध होते.

हा विचार आजच्या काळात तपासून पाहण्यासाठी लेह आणि त्याभोवतीचा लडाखचा मुलूख हे योग्य उदाहरण आहे, कारण महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात तेथे गटागटाने लोक जातात आणि त्यांतील बहुतेक समुद्रसपाटीजवळून किंवा फार तर दख्खनच्या पठारावरून निघालेले असतात. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासासोबत शरीराला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. श्रीनगरहून रस्त्याने गेल्यास झोजिला खिंड ओलांडून, सुमारे २,७०० मीटरवरील कारगिलला मुक्काम करून, फोटुला या सुमारे ४,१०० मीटर उंचीच्या खिंडीतून लेहला उतरता येते, आणि शरीराला त्या उंचीची थोडी ओळख वाटेतच होते. विमानाने गेल्यास दिल्लीहून सुमारे दीड तासात माणूस त्या उंचीवर जाऊन ठेपतो. वाचलेला वेळ शरीर परत मागून घेते, आणि म्हणूनच विमानाने येणाऱ्याने पहिले दोन दिवस लेहमध्ये विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर आणि स्थानिक लोक दोघेही सांगतात.

विश्रांतीनंतरच्या दिवसांची मांडणीही याच शारीरिक वस्तुस्थितीवर ठरते. दिवसा किती उंच चढले यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपले हे अधिक महत्त्वाचे असते, आणि ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहण-वैद्यकातला सर्वमान्य दंडक आहे. त्यानुसार लेहनंतर आधी सिंधूच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेस शाम या खालच्या लडाखात जाणे शहाणपणाचे ठरते. तेथे लेहपेक्षा कमी उंचीवरचे अल्ची आहे, आणि काश्मिरी शैलीतील प्राचीन भित्तिचित्रांनी भरलेली त्याची मंदिरे चढण-उतरणीचा ताण न घेता निवांतपणे पाहता येतात. लिकीर आणि लामायुरू हे गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, त्याच वाटेवर आहेत. त्यानंतर ५,३०० मीटरहून उंच असलेली खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरता येते, जेथे दिस्कित आणि हुंदर ही गावे पुन्हा लेहहून कमी उंचीवर आहेत. ४,२०० मीटरहून उंच असलेल्या पँगाँग सरोवराकाठची रात्र यानंतरच, आणि तीही मधल्या उंचीवर मुक्काम करून, यावी. येथे भूगोलाची एक कठोर गोष्ट लक्षात ठेवावी लागते. उंचीमुळे झालेल्या गंभीर आजारावर खाली उतरणे हा मुख्य उपाय आहे, पण पँगाँगहून लेहकडे परतायचे तर आधी ५,३०० मीटरहून उंच असलेली ‘चांग ला’ ही खिंड चढावी लागते. म्हणजे तिसऱ्याच दिवशी पँगाँग गाठण्याचा बेत घरी बसून आखताना रकान्यात लिहिलेली एक ओळ मध्यरात्री श्वास न पुरणाऱ्या माणसासाठी उतरण्याची सोपी वाटच बंद करू शकते.

ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न वैद्यकाच्या पलीकडे जातो ती अशी की उंचीचा त्रास कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. तरुण वय, व्यायामाची सवय, धावण्याची क्षमता यांपैकी कशानेही त्यापासून हमखास संरक्षण मिळत नाही. रोज पर्वती चढणारा पंचविशीतला मुलगा पहिल्याच रात्री डोकेदुखी आणि मळमळीने हैराण होतो आणि सत्तरीच्या आजी सकाळी ताज्यातवान्या उठून चहा मागतात, असे घडू शकते. आधीच्या उंच प्रवासाचा अनुभव थोडा अंदाज देतो, पण जो प्रथमच जात आहे त्याच्यापाशी तोही नसतो. त्यामुळे आराखडा आखण्यासाठी गट जेव्हा एकत्र बसतो तेव्हा त्या बैठकीत सर्वांत दुर्बळ कोण हे कोणालाच ठाऊक नसते, आणि तो दुर्बळ आपणच नाही याची खात्री कोणालाच देता येत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात न्यायाची तत्त्वे शोधण्यासाठी अशाच एका अवस्थेची कल्पना केली होती. समाजाचे नियम ठरवणाऱ्यांना आपण श्रीमंत असू की गरीब, सशक्त असू की अशक्त, हे ठाऊक नाही असे गृहीत धरले, तर ते कोणते नियम निवडतील, असा त्यांचा प्रश्न होता. या अवस्थेला त्यांनी अज्ञानाचा पडदा म्हटले. आपण स्वतःच सर्वांत वाईट स्थितीत सापडू शकतो हे जाणून लोक अशी व्यवस्था पत्करतील की तिच्यातील विषमताही सर्वांत खालच्या माणसाच्या हिताचीच असेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. या मांडणीवर नेहमी असा आक्षेप घेतला जातो की प्रत्यक्षात माणसाला आपली जात, संपत्ती आणि ताकद ठाऊकच असते, त्यामुळे हा पडदा केवळ कल्पनेतला राहतो. लेहच्या प्रवासाचा आराखडा आखणाऱ्या गटाच्या बाबतीत मात्र निदान शरीरापुरता हा पडदा खराच असतो. न्यायाचा विचार करण्याची अशी संधी दैनंदिन जीवनात क्वचितच मिळते, आणि म्हणून ती वाया घालवणे ही केवळ नियोजनातील ढिलाई ठरत नाही, तो धर्मविचारातील प्रमाद ठरतो.

ज्या भूमीत हा गट जाणार आहे तिच्या धर्मपरंपरेनेही हाच विचार वेगळ्या वाटेने मांडला आहे. आठव्या शतकातील आचार्य शांतिदेव यांच्या ‘बोधिचर्यावतार’ या ग्रंथाला तिबेटी बौद्ध परंपरेत, आणि म्हणून लडाखमध्येही, फार मोठे स्थान आहे. त्याच्या ध्यानविषयक आठव्या परिच्छेदात स्वतः आणि इतर यांच्या समतेचे विवेचन येते. दुःख हे दुःख असल्यामुळेच निवारणीय आहे, ते माझे आहे म्हणून नव्हे, आणि म्हणून एका शरीरातील वेदनेला दुसऱ्या शरीरातील वेदनेपेक्षा जास्त हक्क नाही, असा त्याचा आशय आहे. रॉल्स यांचा माणूस आपण दुर्बळ ठरू शकतो या भीतीने न्यायी नियम निवडतो, तर शांतिदेवांचा साधक आपण दुर्बळ नाही हे कळल्यानंतरही त्याच नियमाला चिकटून राहतो. सहयात्रेला या दोन्ही विचारांची गरज आहे. आराखडा आखताना पडदा असतो आणि तेव्हा पहिला विचार पुरतो. लेहमध्ये दुसरी रात्र उलटली की पडदा सरतो, कोणाला त्रास होतो आणि कोणाला नाही हे स्पष्ट होते, आणि त्या क्षणापासून दुसऱ्या विचारावाचून गट टिकत नाही.

पडदा सरल्यावर आणखी एक अडचण समोर येते, ती सत्याची. उंचीच्या त्रासाची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर या लक्षणांनी होते, आणि ही सारी लक्षणे ज्याची त्यालाच जाणवणारी असतात. जगभर वापरली जाणारी ‘लेक लुईस’ या नावाची मोजपट्टीदेखील रुग्णाने स्वतः दिलेल्या उत्तरांवरच आधारलेली आहे. बोटाला लावायचे यंत्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवते, पण केवळ त्या आकड्यावरून निदान होत नाही. म्हणजे संपूर्ण गटाची सुरक्षितता एका माणसाच्या खऱ्या शब्दावर अवलंबून असते, आणि नेमका तोच शब्द उच्चारणे त्याला सर्वांत जड जाते. रात्रीच्या जेवणाला तो पोळीचा तुकडा ताटात फिरवत राहतो, भूक नाही असे म्हणत नाही, डोके ठणकत असूनही उद्याच्या खारदुंगलाच्या गप्पांत मान हलवतो, कारण गाड्या ठरल्या आहेत, पैसे भरले आहेत आणि आपल्यामुळे दहाजणांचा बेत मोडू नये असे त्याला मनापासून वाटते. या असत्याचा दोष त्याच्या स्वभावावर टाकणे सोपे आहे. परंतु ज्या आराखड्यात एकही मोकळा दिवस नाही तो आराखडाच त्याला खोटे बोलायला भाग पाडत असतो. सत्य बोलण्याची किंमत इतरांनी इतकी वाढवून ठेवायची आणि मग आजाऱ्याकडून सत्याची अपेक्षा धरायची, यात न्याय नाही.

या अडचणीवरचा उपाय मराठी माणसाच्या सर्वांत मोठ्या सामूहिक यात्रेत पूर्वीपासून आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. दिंडी, म्हणजे एका फडाच्या किंवा प्रमुखाच्या आधिपत्याखाली एकत्र चालणारा वारकऱ्यांचा गट, हा या सोहळ्याचा घटक असतो. दिंडीची भिशी ठरलेली असते, सामानाचा ट्रक आणि तंबू पुढे जातात, मुक्कामाची गावे वर्षानुवर्षे तीच असतात. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरतीसाठी सर्व दिंड्या पालखीभोवती जमतात तेव्हा चोपदार आपला दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो, आणि त्यानंतरच आरती होते. तक्रार करणाऱ्याला धीर एकवटून गर्दीत बोलावे लागू नये, त्याचे गाऱ्हाणे ऐकणे हा रोजच्या उपासनेचाच भाग व्हावा, अशी ही रचना आहे. लेहला जाणाऱ्या गटालाही हाच नियम स्वीकारता येतो. उद्याचा कार्यक्रम जाहीर करण्याआधी दर संध्याकाळी प्रत्येकाला नावाने हाक मारून त्याच्या डोकेदुखीची, झोपेची आणि भुकेची चौकशी करावी, आणि उत्तरानुसार कार्यक्रम बदलण्याचा अधिकार कोणाचा हे घरून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. आराखड्यात एक-दोन दिवस हेतुपुरस्सर रिकामे ठेवले तर या चौकशीला अर्थ राहतो, अन्यथा ती उपचारापुरती उरते.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप सशक्ताच्या वतीने केला जाईल. ज्याने वर्षभर पैसे साठवले आणि ज्याच्या शरीराने साथ दिली, त्याने दुसऱ्याच्या डोकेदुखीपायी पँगाँग का सोडावे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि गटाने सदैव एकत्रच राहिले पाहिजे असा नियम केला तर तोही एक प्रकारचा अन्याय होईल. गट विभागता येतो, युधिष्ठिरानेही तो विभागण्याचेच सुचवले होते. मात्र विभागणीच्या अटी पडदा असतानाच ठरल्या पाहिजेत. आजाऱ्याला एकटे सोडायचे नाही, त्याच्यासोबत राहणाऱ्याचे नाव आधीच ठरलेले असावे, त्याच्या वाट्याचा खर्च सर्वांनी उचलावा आणि परतीची गाडी तयार असावी, या अटी आधी मान्य असतील तर पुढे जाणारा निर्धास्त जातो आणि मागे राहणाराही आपण ओझे झालो या भावनेतून सुटतो.

दुसरा आक्षेप तपाचा आहे. यात्रा म्हणजे कष्ट, आणि कष्ट सोसल्यावाचून पुण्य नाही, असे परंपरेचाच आधार घेऊन म्हणता येईल. पण तप म्हणजे स्वतःहून पत्करलेले आणि स्वतःच्याच शरीरावर घेतलेले कष्ट. जे कष्ट आपल्या उत्साहामुळे दुसऱ्यावर लादले जातात त्यांना तप म्हणता येत नाही, ती हिंसा होते, मग त्या उत्साहाचे कारण कितीही धार्मिक असो. स्वतःच्या तपाचा आग्रह धरणाऱ्याने त्याचा भार सोबत्याच्या फुप्फुसांवर टाकू नये, एवढी मर्यादा अहिंसेने घातलेलीच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. अध्यात्माची वाट शेवटी एकट्याचीच असते, असे भारतीय परंपरांनी वारंवार सांगितले आहे. पाली त्रिपिटकातील खग्गविसाण सुत्तात एकाकी विचरणाचा गौरव आहे, आणि महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात तर द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम असे एकामागून एक पडत जातात आणि युधिष्ठिर मागे वळूनही पाहत नाही. गंधमादनावर द्रौपदीला मांडीवर घेणारा युधिष्ठिर आणि हिमालयात तिला पडलेली सोडून जाणारा युधिष्ठिर, यांतला खरा कोणता? उत्तर दोन प्रवासांच्या भेदात आहे. महाप्रस्थान हा परत न येण्यासाठी केलेला प्रवास आहे, ज्यात सर्वांनीच राज्यासकट सर्वस्व सोडले आहे आणि देहाचे पडणे हाच ज्याचा शेवट आहे. परतीचे तिकीट खिशात ठेवून निघालेल्या यात्रिकाला त्या विरक्तीचा दाखला देण्याचा अधिकार पोहोचत नाही, कारण त्याने स्वतःसाठी काहीच सोडलेले नसते, सोडलेला असतो तो फक्त सोबती. शिवाय कथा तेथे संपतही नाही. इंद्राचा रथ आला असता युधिष्ठिर प्रथम भावांची आणि द्रौपदीची चौकशी करतो, सोबत चालत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास नकार देतो, आणि पुढे स्वर्गारोहण पर्वात आपली माणसे नरकात आहेत असे दिसताच आपणही तेथेच राहू असे म्हणतो. तो कुत्रा साक्षात धर्म होता, हे कथेत नंतर उघड होते. एकट्याच्या वाटेच्या अगदी टोकाशीही धर्म सोबत्याच्या रूपानेच परीक्षा घेतो, असा महाभारताचा निर्णय आहे.

येथवर समूह म्हणजे घरून एकत्र निघालेली माणसे असे गृहीत धरले गेले. पण गंधमादनावर द्रौपदीचा भार घटोत्कचाने वाहिला, आणि इतर राक्षसांनी सोबतच्या ब्राह्मणांना वाहून नेले, हे विसरता येत नाही. लडाखमध्ये गाडी चालवणारा चालक गटात मोजला जात नाही, पण पहाटे निघून खिंड ओलांडून रात्री परतण्याचा बेत त्याच्याच डोळ्यांवर आणि कंबरेवर उभा असतो. ज्या रस्त्याने गाडी जाते तो सीमा सडक संघटनेच्या देखरेखीखाली राखणाऱ्या मजुरांत झारखंडसारख्या दूरच्या सखल प्रदेशातून आलेले लोक मोठ्या संख्येने असतात, आणि तीच विरळ हवा त्यांना खडी फोडत सोसावी लागते. ज्यांच्या श्रमावर प्रवास चालतो त्यांना त्या पडद्याआड जागा दिली, म्हणजे आपण या प्रवासातले चालक किंवा मजूरही असू शकलो असतो असे समजून आराखडा तपासला, तर त्यातील कितीतरी ओळी बदलाव्या लागतील.

हीच गोष्ट गावांची. लेहमध्ये वर्षाकाठी पडणारा पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी होते, म्हणजे मुंबईत जुलैतल्या एका मुसळधार दिवसात पडते त्याहूनही कमी. शेती, पिणे आणि धुणे सारे काही वितळणाऱ्या बर्फाच्या ओढ्यांवर चालते. म्हणून गावांत चुरपोन, म्हणजे पाटाचे पाणी पाळीपाळीने वाटून देणारा गावाने नेमलेला माणूस असतो, आणि घरोघरी पाणी न वापरणारी कोरडी शौचालये बांधण्याची जुनी पद्धत आहे. एका कुलदेवतेला मानणाऱ्या घरांचा फासपुन नावाचा गट जन्म, लग्न आणि मृत्यू या प्रसंगी एकमेकांची कामे वाटून घेतो. हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबकसारख्या गावात पाहुणे घरांना पाळीपाळीने दिले जातात, त्यामुळे कमाई एकाच घरात साठत नाही. कमी पाणी आणि विरळ हवा असलेल्या प्रदेशात माणसे टिकून राहिली ती एकमेकांच्या मर्यादा ओळखून केलेल्या वाटणीमुळे, हे या साऱ्या संस्थांवरून दिसते. सहयात्रेचा जो नियम येथे विचारान्ती मांडला जात आहे तो यजमान समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आचरला आहे. अशा गावात मुक्काम करताना रोज शॉवरखाली आंघोळ करण्याचा आग्रह धरणारा पाहुणा त्या वाटणीत न सांगता हिस्सा घेत असतो, म्हणून गटाने पाण्याचा हिशेब खर्चाच्या हिशेबाइतकाच आधी केला पाहिजे.

याच संदर्भात वर्षावासाचा नियम मननीय ठरतो. पावसाळ्यात भिक्षू फिरतात तेव्हा कोवळे गवत आणि लहान जीव त्यांच्या पायांखाली चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार झाल्यावर बुद्धांनी भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात नोंदले आहे. लडाखच्या मठांतही उन्हाळ्यात वर्षावासाची परंपरा पाळली जाते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पर्यटकांच्या गाड्या त्या मठांच्या पायथ्याशी येऊन लागतात. भिक्षूंच्या संघाने समाजाची तक्रार ऐकून आपल्याच फिरण्याला मर्यादा घातली, ही गोष्ट फिरण्याचा अधिकार निरपवाद मानणाऱ्या काळाला बरेच शिकवू शकते. गावांच्या वेशीवर दगड रचून केलेल्या लांबलचक मणी-भिंती असतात, ज्यांच्या माथ्यावर मंत्र कोरलेल्या सपाट शिळा मांडलेल्या असतात. भिंत उजव्या हाताला ठेवून जावे हा तेथील शिष्टाचार आहे, आणि त्यासाठी पायवाट भिंतीच्या दोन्ही अंगांनी काढलेली असते, जाणाऱ्याला एक आणि येणाऱ्याला दुसरी. एखादी शिळा आठवण म्हणून उचलू नये, भिंतीवर बसून छायाचित्र काढू नये, गोम्पात पूजा चालू असता मधून चालू नये, या सूचना यात्रेच्या पहिल्या बैठकीत सांगितल्या गेल्या तर त्या नियम म्हणून न राहता गटाच्या संकल्पाचा भाग होतात.

या साऱ्या विवेचनातून संकल्प आणि आराखडा यांचे नाते स्पष्ट होते. संकल्पात हेतू उच्चारला जातो, पण तो हेतू खरा आहे की नाही हे आराखड्यावरून कळते. सर्वांना दर्शन घडावे असे म्हणणाऱ्या गटाने जर केवळ सशक्तांना पोहोचता येईल अशी दिवसांची मांडणी केली असेल, तर त्याचा संकल्प शब्दांपुरता उरतो. लेहमध्ये दोन पूर्ण दिवस, झोपण्याच्या उंचीची मर्यादा, मोकळे ठेवलेले दिवस, संध्याकाळची नावानिशी चौकशी, विभागणीच्या पूर्वमान्य अटी, चालकाची विश्रांती आणि गावच्या पाण्याचा हिशेब, या बाबी दिसायला किरकोळ असल्या तरी सत्य, अहिंसा आणि न्याय ही मोठी तत्त्वे यात्रेत याच रूपाने अवतरू शकतात. समूहाने उंच प्रदेशात जाताना जो सर्वांत मंद चालेल त्याच्या चालीने चालावे, तो कोण असेल हे ठाऊक नसतानाच तसे ठरवावे, आणि कळल्यानंतर ते मोडू नये, हा सहयात्रेचा धर्म होय. असा धर्म पाळणाऱ्या गटाला एखादे सरोवर किंवा एखादी खिंड न पाहता परतावे लागले, तरी त्याची यात्रा अपुरी राहिली असे म्हणता येणार नाही, कारण ज्या संयमाला परंपरेने तीर्थाच्या फळाची अट मानले तो त्याने वाटेवरच सिद्ध केलेला असतो.